अनसिंगची वाट

दिवाळीचे पाहुणे परतले, फराळाचे डबे रिकामे झाले आणि घर पुन्हा नित्याच्या वळणावर आले, तोच अनसिंगाहून मामांचा निरोप आला. "तीन एकरांचा व्यवहार ठरत आहे. इसार द्यावयाचा आहे. साक्षीला घरचे माणूस असावे, म्हणून दोन दिवसांची सवड काढून ये." अनसिंग हे आमचे आजोळ. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत तेथल्या धाब्याच्या घरात जे दिवस काढले, त्यांची गोडी अजून जिभेवर आहे. तेव्हा शेताचा व्यवहार हे निमित्त, आणि मामांच्या ओसरीवर पुन्हा दोन रात्री निजावयास मिळेल हा खरा लोभ, अशा मनाने आम्ही निघालो. परतताना मन निराळे होते. ते का, हेच वाचकांस सांगावयाचे आहे.

अनसिंगास जावयाचे म्हणजे प्रथम वाशिम गाठावे लागते. वाशिमचे स्टेशन अकोला-पूर्णा मार्गावर आहे. हा मार्ग पूर्वी लहान रुळांचा होता, तो २००८ साली रुंद झाला. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याचे सोळावे लेणे ज्याने कोरविले, तो वराहदेव याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री. राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावून दिले तेही वत्सगुल्म नगरातच. इतके वैभव पाहिलेले हे गाव पुढे अकोला जिल्ह्यातील एक तालुका होऊन राहिले आणि १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. २०१८ साली केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते. वाशिम त्यांपैकी एक. इतिहासाचे पान आणि सरकारी यादीचे पान यांमधील हे अंतर मनात घोळवीत आम्ही पुसदच्या वाटेवरील एस.टी.त बसलो.

कार्तिकातील वऱ्हाड पाहण्यासारखे असते. सोयाबीन निघून गेलेले, काळी माती पुन्हा उघडी झालेली, मधून मधून हरभऱ्याचे कोवळे तास आणि दोन्ही बाजूंस पिवळ्या फुलांनी लहडलेली तूर. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांच्या मांडीवर तपासणीच्या फोटोंची ती मोठी, कडा झिजलेली पिशवी होती. गाडी खड्ड्यातून गेली की ते ती दोन्ही हातांनी घट्ट धरीत. कोठून येता, असे विचारले, तर "नागपूरहून" एवढेच म्हणाले. आम्हीही अधिक विचारले नाही. पुढे दोन दिवसांत त्या पिशवीची आठवण आम्हांस अनेकदा झाली.

वाशिमपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर अनसिंग लागते. गाव मोठे, बाजाराचे. आसपासच्या खेड्यांचा सारा व्यवहार येथे चालतो. शृंगऋषींचे देवस्थान हे गावाचे भूषण, आणि गावाचे नावही या ऋषींवरूनच पडले असे गावकरी सांगतात. रामायणात दशरथाचा पुत्रकामेष्टी यज्ञ ज्यांनी चालविला, तेच हे ऋष्यशृंग. अरण्यात वाढलेल्या ज्या ऋषीचे पाऊल लागताच अवर्षणग्रस्त अंगदेशात पाऊस पडला अशी कथा आहे, त्याचे देवस्थान पावसावर सर्वस्व अवलंबून असलेल्या मुलखात असावे, हे योग्यच वाटते. सायंकाळी दर्शनास गेलो. सभामंडपात चार-पाच म्हातारी माणसे टेकून बसली होती. बोलणे सोयाबीनच्या भावाचे होते, आणि त्या बोलण्यातच एकाने सहज म्हटले, "त्याच्या घरची दुखणाईत आहे ना, म्हणून वावर काढलं त्यानं." मामांनी आमच्याकडे पाहिले नाही. आम्ही समजलो.

रात्री पाने वाढली गेली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. जेवण झाल्यावर मामांनी सारी हकीगत सांगितली. विकावयास काढलेले शेत मामांच्याच बांधाला लागून होते. मालक गेली बारा वर्षे स्वतःचे तीन एकर सांभाळून मामांचेही शेत बटईने करीत असे. त्याच्या पत्नीस स्तनाचा कर्करोग झाला होता. पैसे आठ दिवसांत हवे होते. आठ दिवसांत पैसे हवे असलेल्या माणसाला शेताचा भाव सांगता येत नाही, तो ऐकून घ्यावा लागतो. गावातील दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने फारच पडता भाव केला होता. "आपण निदान बरा भाव देऊ," मामा म्हणाले. मामी ताटे उचलीत होत्या, त्या थांबल्या. "भाव बरा असला, तरी वावर जाईलच ना?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. इसाराचे पैसे आमच्याच पिशवीत होते. दोन खोल्यांचे घर. दावणीला एक गाय, आणि बैलजोडी जेथे बांधीत ती जागा रिकामी. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावर पदर घट्ट घेतलेला, उजवा हात उशीवर ठेवलेला. चहा झाला. व्यवहाराचा विषय निघताच त्याच प्रथम बोलल्या.

"काका, माह्या जिवापायी वावर नका घेऊ. मी आज हाय, उद्या नाही. लेकरांनं मंग काय कराव?"

मालक खाली मान घालून म्हणाला, "तीन बाटल्या झाल्या, काका. डाक्टर म्हणे अजून तीन पायजेत. तवा मिरग लागला होता. बियाणं घ्याव का बाटली घ्याव?"

त्याने बियाणे घेतले होते. ते घेतले नसते, तर वर्षाचे अन्न गेले असते. घेतले, म्हणून उपचार अर्धा राहिला. भाद्रपदात काखेत पुन्हा गाठ लागली.

त्यांची दहावीतील मुलगी आतून एक शाळेची वही घेऊन आली. आईच्या दुखण्यात झालेला सारा खर्च तिने त्या वहीत मांडून ठेवला होता, कोणी सांगितले नसताना. ती वही आम्ही पानापानाने वाचली. आम्ही जन्मभर हिशेबाच्या वह्या पाहिल्या आहेत, परंतु असा हिशेब पाहिला नव्हता. आमची समजूत अशी की, इस्पितळाचे बिल हाच काय तो मोठा खर्च. वही निराळेच सांगत होती. पहिली दोन पाने तर इस्पितळापूर्वीचीच: झाडपाल्याचे औषध, एका देवस्थानाचा नवस, जवळच्या दवाखान्याच्या चार फेऱ्या. मग सोनोग्राफी, मग गाठीचा तुकडा तपासणे, मग सर्वांगाचा फोटो. प्रत्येक तपासणीसाठी जीपचे भाडे निराळे. मोठ्या शहरात लॉजच्या सहा रात्री. सोबत आलेल्या भावाची बुडालेली मजुरीही त्या पोरीने मांडली होती. शस्त्रक्रिया एका खासगी इस्पितळात झाली. तिच्यासाठी बैलजोडी गेली, डोरले गेले. पुढील औषधांसाठी शेकडा तीन रुपये महिना व्याजाने कर्ज काढले. शेवटच्या पानावर फक्त व्याजाचेच आकडे होते. इस्पितळाचे म्हणून जे काही दिले, ते एकूण खर्चाच्या निम्म्याहूनही कमी भरले.

"सरकारी योजना होती ना?" आम्ही विचारले. शिधापत्रिका होती. पण पहिले इस्पितळ योजनेत नव्हते, आणि ते योजनेत आहे की नाही हे आधी विचारावयाचे असते, हेच कोणास ठाऊक नव्हते. पुढे कळले तेव्हा पत्रिकेवरील नाव माहेरचे आणि आधार कार्डावरील सासरचे निघाले. नाव दुरुस्त करण्यास वाशिमच्या फेऱ्या, आणि फेरीगणिक एका दिवसाची मजुरी. दोन फेऱ्यांनंतर त्यांनी तो नाद सोडला.

वाचकहो, कर्करोगावरील औषध हे एकदा घेतले आणि झाले असे नसते. ठरावीक दिवसांच्या अंतराने, बहुधा एकवीस दिवसांनी, ते पुनःपुन्हा द्यावे लागते. मधल्या काळात शरीर सावरते, पण शिल्लक राहिलेल्या दुष्ट पेशींना सावरण्यास फार वेळ मिळू नये अशी ती योजना असते. क्रम मध्येच सोडला की, त्या पेशींना मोकळे रान मिळते. म्हणजे मृगातील बियाण्याची पिशवी आणि भाद्रपदातील काखेतील गाठ यांचा संबंध दैवाचा नाही, हिशेबाचा आहे. पैशाची ओढाताण ही दुखण्याच्या मागून येणारी आपत्ती आहे असे आपण समजतो. वास्तविक ती दुखण्याच्या आतच शिरते आणि गुण येऊ देत नाही.

हे केवळ अनसिंगचे किंवा गरीब मुलखाचेच दुःख आहे असेही नाही. अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागात, संशोधकांनी कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या माणसांची तुलना केली. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, रोग्यांमध्ये दिवाळे निघण्याचे प्रमाण अडीच पटींहून अधिक आहे. २०१६ साली त्याच मंडळींनी आणखी पुढचे सांगितले: ज्या रोग्यांचे दिवाळे निघाले, त्यांच्यात मृत्यूचा धोका न निघालेल्यांपेक्षा सुमारे ७९ टक्क्यांनी अधिक आढळला. आग्नेय आशियातील आठ देशांत ९,५१३ रुग्णांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली बाहेर आले. निदानापासून वर्षाच्या आत २९ टक्के रुग्ण दगावले होते, आणि ४८ टक्के रुग्णांनी वर्षाच्या घरखर्ची मिळकतीच्या तीस टक्के वा त्याहून अधिक रक्कम उपचारात घालविली होती. वैद्यकाचे इंग्रजी ग्रंथ आता या आर्थिक ताणालाच औषधाच्या विषारी परिणामांच्या पंक्तीस बसवितात. अनसिंगच्या त्या मुलीने ग्रंथ वाचले नव्हते. पण शाळेच्या वहीत तिने तेच लिहून ठेवले होते.

येथे आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. सात वर्षांपूर्वी आमच्या काकूंना हाच रोग झाला. त्यांनीही गाठ चार महिने लपविली होती. घरात पुतण्याचे लग्न होते, खर्चाची ओढ होती, आणि "लग्न पार पडू दे, मग बघू" असे त्यांनी मनाशीच ठरविले होते. सुशिक्षित घरातील, वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या बाईने हे केले! आज काकू सुखरूप आहेत; यंदाच्या चकल्या त्यांच्याच हातच्या. आजवर आम्ही असे मानीत आलो की, आपल्यापाशी पैसा होता म्हणून त्या वाचल्या. अनसिंगची वही वाचल्यावर जाणवले की, पैसा होता, पण त्याहून मोठी गोष्ट माणसे होती. एक पुतण्या परळला रांगेत उभा राहिला, दुसऱ्याने रजा काढून फेऱ्या केल्या, थोरल्या सूनबाईंनी स्वयंपाक ओढला, धाकटीने पथ्य सांभाळले. मुंबईत उतरावयास आतेचे घर होते. कोणाची मजुरी बुडाली नाही आणि कोणा मुलीची शाळा चुकली नाही. एकत्र कुटुंब म्हणून आपण ज्याची कधी कुरकुर करतो, कधी अभिमान मिरवतो, ते त्या वर्षी कामी आले. अनसिंगच्या घरात नवरा-बायको, दोन लेकरे आणि एक मजूर भाऊ. त्यांच्याजवळ रांगेत उभे राहावयास माणूसच नव्हते.

तरीही जे उपलब्ध आहे, ते लहान नाही. ते माहीत असणे हेच पुष्कळ वेळा अर्धे काम असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. जगातील उत्तम उपचार विकत घेण्याची ऐपत असून त्या वाचल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी दोराबजीही गेले. पण त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल इस्पितळ उघडले. ते १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. आता एवढ्यासाठी मुंबईच गाठली पाहिजे असेही उरलेले नाही. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्यास राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरास शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. वाशिमासही २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, त्यामुळे नागपूरचे तास कमी झाले. जीपचे भाडे तेवढे कमी झालेले नाही.

इस्पितळाच्या बिलासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती निराळ्या नावाने काही जिल्ह्यांत आली आणि पुढील वर्षी राज्यभर झाली. आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही पुढे तिच्यात घेतले. वाशिम त्या चौदांत आहे. २०२३ सालच्या निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारकांना तिची कक्षा खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाची मर्यादा पाच लाखांवर गेली. योजनेतील प्रत्येक इस्पितळात 'आरोग्यमित्र' म्हणून एक माणूस बसतो. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्याही आधी त्याला भेटावे. शस्त्रक्रिया, औषधे, किरणोपचार, ज्याला खेड्यात 'शेक' म्हणतात, हे सारे तिच्यात येते. रेल्वेत कर्करोग्यास उपचाराच्या प्रवासासाठी शयनयानात पूर्ण भाडेमाफी असते आणि सोबत्यासही मोठी सवलत मिळते. उतरण्याची सोयही आहे: आपल्याच वऱ्हाडातील शेंडगावचे संत गाडगे महाराज यांच्या नावाची दादरची धर्मशाळा परगावच्या कर्करोग्यांना आसरा देते, आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. औषधांच्या किमतीही अचल नाहीत. देशातील कर्करोग रुग्णालयांच्या राष्ट्रीय जाळ्याने चाळीस औषधे एकत्र खरेदी केली, तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये वाचल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

परंतु सर्वांत स्वस्त उपाय वेळेवर जाणे हाच. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे एक प्रयोग चालला. यंत्र नाही, फोटो नाही; शिकवून तयार केलेल्या साध्या बायकांनी दोन वर्षांतून एकदा हाताने स्तनांची तपासणी करावयाची. २०२१ साली निष्कर्ष आला: तपासणी झालेल्यांत रोग आरंभीच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. लवकर सापडलेल्या गाठीला शस्त्रक्रिया लहान, औषध थोडे, फेऱ्या कमी. उशीर झाला की खर्च वाढतो आणि गुणही कमी येतो. म्हणजे पैसे वाचविण्यासाठी गाठ लपविणाऱ्या बाया, मग त्या अनसिंगच्या असोत की आमच्या काकू असोत, ज्या घरासाठी हे करतात त्या घरालाच अधिक खर्चात घालतात. त्यांचा दोष नाही. घरात खर्चाची यादी होते, तेव्हा बाईच्या प्रकृतीची ओळ तीत सर्वांत शेवटी लिहिली जाते, हे त्या लहानपणापासून पाहत आलेल्या असतात.

असो. त्या सकाळी इसाराची पावती लिहिली गेली नाही. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वावर तुझंच राहू दे. पैसे ने. व्याज नाही. पीक निघेल तसे दे, पण आधी त्या सावकाराचं तोंड बंद कर." मालक उठून पाया पडू लागला, मामांनी त्याचा हात धरला आणि काहीशा रागानेच म्हणाले, "बस खाली. बारा वर्षं माझं शेत करतोस, आणि हे मला मंदिरात दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं." त्या रागातील बराचसा भाग स्वतःवरचा होता, असे आम्हांस वाटले. दुखणे उन्हाळ्यापासून गावाला ठाऊक होते. बैलजोडी दावणीवरून गेली, तीही सर्वांनी पाहिली होती. आपणही पैसे घेऊन आलो ते शेत घेण्यास, आजारी बाईला पाहण्यास नव्हे, हे आमच्याही मनातून जाईना.

पुढील काम पैशाचे नव्हते. आमच्या मामेभावाने दुसऱ्याच दिवशी मालकास मोटारसायकलवर घालून वाशिमला नेले आणि पत्रिकेवरील नावाचे काम मार्गी लावले. मामींनी मुलीला सांगितले, "आई नागपूरला असेपर्यंत दोघं भावंडं जेवायला इकडे या. शाळा मात्र एक दिवस बुडवायची नाही." आम्ही नागपुरातील एका स्नेह्यांस फोन करून, पहिल्या दिवशी इस्पितळात सोबत जाण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. प्रत्येकाचे काम थोडे थोडे होते. वहीतील जी पाने आम्हांस सर्वांत जड वाटली होती, त्यांतील निम्मी अशाच थोड्या थोड्या कामांनी हलकी होण्यासारखी होती.

हे लिहीत असताना बाईंचा उपचार नव्याने सुरू झाला आहे. मधला काळ वाया गेल्याने वाट बिकट झाली, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. गुण किती येईल, हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि आम्हीही वाचकांस खोटी आशा दाखवीत नाही. काल मामांचा फोन होता. तूर सोंगून झाली आहे, दाणा चांगला भरला आहे. मालक स्वतः नागपुरात आहे, म्हणून त्याच्या तीन एकरांतली तूर यंदा गावच्या चार जणांनी मिळून काढून दिली. दुसरा क्रम पार पडला, तिसऱ्याची तारीख मिळाली आहे. आणि त्या मुलीने नवी वही घातली आहे, असे मामा म्हणाले. तिच्या पहिल्या पानावर खर्च नसून, आईला कोणी कोणत्या दिवशी सोबत करावयाची, त्याची यादी आहे. पौषातील एका आठवड्यापुढे तिने आमचे नाव लिहून ठेवले आहे.